ग्रबचा मेनू गायब झाला? आधी बूट ऑर्डर बघा

विंडोज नव्याने टाकल्यावर ग्रबचा मेनू (कॉम्प्युटर सुरू होताना उबुंटू की विंडोज ते निवडू देणारी यादी) आणि त्यातला उबुंटूचा पर्याय दिसेनासा झाला, म्हणून उबुंटू पुसलं गेलं असं धरून चालू नका. आधी बायोसमधली बूट ऑर्डर (आधी काय सुरू करायचं तो क्रम) बघा. तिथे उबुंटू असेल तर वर घ्या, काम झालं.

नसेल तर बहुधा ईएफआय पार्टिशनच (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइल्स ठेवलेला डिस्कचा भाग) फॉरमॅट झालंय. उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणारा) यूईएफआय या नव्या बूट मोडमध्येच सुरू करा. लेगसी या जुन्या मोडमध्ये केलेली मेहनत फुकट जाते. रूट पार्टिशन (जिथे उबुंटू आहे ते) 'एमएनटी' फोल्डरवर आणि ईएफआय पार्टिशन त्यातल्या 'बूट/ईएफआय'वर माउंट करा. डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे चारही सिस्टीम फोल्डर माउंटच्या आर-बाइंड पर्यायाने तिथेच जोडा (साध्या बाइंडने ईएफआय व्हेरिएबल्स, म्हणजे बूटच्या नोंदी, दिसत नाहीत). मग सीएचरूट (पेनड्राइव्हवरून आपल्या उबुंटूत शिरायला), ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब या कमांड चालवा.

नवखे अडकतात ते यानंतर. फॉरमॅट केल्यावर ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशन्स जोडायची ते सांगणारी फाइल) मात्र जुनाच राहतो. मग मेनू छान येतो आणि उबुंटू इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं! म्हणून रीस्टार्ट करण्याआधी ब्लकआयडी कमांडने नवा यूयूआयडी बघा आणि एफएसटॅबमध्ये घाला.

मेनूत आता विंडोजच नाही? ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर'ची किंमत फॉल्स करा, पुन्हा अपडेट-ग्रब चालवा.