खाडा

काका माझ्याकडे समुपदेशनाला एकटेच आले होते. फाइलमध्ये बायकोच्या सीए-१२५ चा, म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवणाऱ्या रक्तचाचणीचा आलेख, ग्राफपेपरवर पेन्सिलीनं काढलेला. निवृत्त बँकवाले, त्यामुळे रेघ अगदी सुबक. "हिला जरा पॉझिटिव्ह करा. आकडा उतरलाय तरी झोपून असते. अशानं औषध लागू कसं पडणार?"

अंडाशयाचा कॅन्सर पोटाच्या अस्तरापर्यंत पसरलेला, दर २१ दिवसांनी किमो. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) हा प्रश्न मला घरोघरचा वाटतो. काकांना मी तिथेच सांगितलं, की काकू हसल्या म्हणून गाठ विरघळत नाही आणि रडल्या म्हणून वाढत नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात कोथरूडहून काकू आल्या. मी श्वासाचा व्यायाम सुरू केला, तशा त्या म्हणाल्या, "अहो, प्राणायाम मी तीस वर्षं करतेय." चूक माझीच, आधी ऐकायला हवं होतं. मग हळूहळू निघालं. "दमले म्हटलं की ह्यांचा चेहरा उतरतो. म्हणून ओट्याशी उभी राहते. मग रात्री पाय इतके ठणकतात की उशीत तोंड खुपसून रडते."

मी विचारलं, घरी दुधाचा हिशोब कोण ठेवतं?

"मीच. कॅलेंडरवर. ज्या दिवशी दूध नाही, तिथे खाडा."

मग तसाच स्वतःचा लिहा, म्हटलं. अंगात त्राण नसेल त्या दिवशी खाडा. कारण लिहायचं नाही, माफीही मागायची नाही.

दोन किमोंनंतर त्या पानं घेऊन आल्या. किमोचा दिवस आणि दुसरा दिवस कोरा. उलट त्या दिवशी त्यांनी फडताळातले डबे घासले होते. ती तरतरी किमोसोबत मिळणाऱ्या स्टेरॉइडची. ती उतरली की तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत ओळीनं खाडे. तिसरा आठवडा जवळपास मोकळा, त्यात एकदा तुळशीबागेची फेरीसुद्धा. काका बराच वेळ पानं उलटत बसले. "म्हणजे ही खचल्यामुळे झोपत नव्हती तर." एवढंच म्हणाले. त्या चार दिवसांत कुकर लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. खिचडी करपली, पण तो वेगळा विषय.

एक गोष्ट मात्र मी लाल पेनानं लिहून दिली: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर तो खाडा नव्हे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा रात्र असली तरी रुग्णालयात फोन करायचा.

मग सीटी स्कॅन आला. रिपोर्टात 'स्टेबल'. काकांच्या मते नापास. मी त्यांना मोजमाप सांगितलं: गाठींच्या व्यासांची बेरीज साधारण ३० टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद, २० टक्क्यांनी वाढली तर वाढ, मधलं सगळं स्टेबल. पसरलेल्या आजारात वाढ थोपवून धरणं हे औषधानं केलेलं कामच असतं. आणि सीए-१२५ चा एखादा आकडा दुसऱ्या कारणानंही वर जातो, म्हणून डॉक्टर एका ठिपक्यावर निर्णय घेत नाहीत. काकांनी आलेख बंद केला नाही, पण फाइल डायनिंग टेबलावरून कपाटात गेली.

पायांच्या दुखण्यासाठी मी पॅलिएटिव्ह डॉक्टरांना भेटा म्हटलं, तेव्हा काका उठूनच उभे राहिले. "म्हणजे संपलं का?" नाही. किमो चालू असतानाच दुखणं, मळमळ, झोप यांच्याकडे बघणारे हे डॉक्टर. पुण्यात वारज्याला तर १९९७ पासून असं केंद्र आहे. काकूंनीच काकांचा हात धरून खाली बसवलं. "आपण जाऊ. मला झोप हवीय."

झोप आता लागते. गेल्या स्कॅनमध्ये मात्र गाठ वाढली. औषध बदललं, नवीन चार आठवड्यांतून एकदा. परवा काकूंचा फोन आला, आवाज थोडा बसलेला. दोघंही त्या संध्याकाळी रडले, एकमेकांसमोर. काका मग वेताळ टेकडीवर जाऊन आले.

"नवं पान लावलंय," म्हणाल्या. "ह्या औषधाचे खाडे कधी पडतात, अजून कळायचंय."