विचारलं तर सांगा, भजनाला जाते

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. "आमची काही हरकत नाही हो मॅडम, पण बिल्डिंगमध्ये राहायचंय." बायकोला पन्नाशीत नाटकात काम करायचं असतं, मुलगी सासर सोडून परत आलेली असते, मुलाने दुसऱ्या जातीतली मुलगी पसंत केलेली असते. विषय कुठलाही असो, हरकत घरात कुणाचीच नसते. ती कायम समोरच्या ब्लॉकमध्ये राहते. 'लोकांचं काय करायचं?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, की एकदा एका जोडप्याची गोष्टच सांगून टाकावी म्हटलं. दोघांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलुंडची सोसायटी. साहेब बँकेतून निवृत्त, बाई छप्पन्न वर्षांच्या. मुलगा बंगळुरूला. बाईंचा हात पहिल्यापासून चांगला. गणपतीत सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत दरवर्षी बक्षीस, आणि "वहिनींच्या बोटांत कला आहे" हे सेक्रेटरींचं दरवर्षीचं भाषण. मग बाईंनी फोर्टमध्ये रविवारचा चित्रकलेचा वर्ग लावला. सुरुवातीला सुरई, केळी, पडद्याच्या चुण्या. साहेबांनी त्यातली केळी फ्रेम करून हॉलमध्ये लावलीसुद्धा. पुढे वर्गात मॉडेल बसायला लागलं. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, अंगावर फक्त चड्डी. आधी दोन-दोन मिनिटांच्या झटपट पोझ, मग वीस मिनिटांची एक. बाई कोळशाने काढायच्या. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून कागदावर फिक्सेटिव्ह मारावं लागतं, त्याला उग्र वास येतो, म्हणून कागद बाल्कनीतल्या दोरीला चिमटे लावून टांगलेले. मुंबईत समोरच्या विंगची खिडकी किती लांब असते, हे मुंबईकरांना सांगायला नको.

"कलेला माझा विरोध नाही," साहेब म्हणाले. "आम्ही खजुराहोला जाऊन आलोय." त्या सहलीचा फोटोही हॉलमध्ये आहे, केळ्यांच्या शेजारी. सेक्रेटरींच्या घरी राजा रविवर्म्याची बाई ओलेत्यानं उभी आहे, तिच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही. सोसायटीतल्या पुरुषांचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रात्री अकरानंतर काय फिरतं ते साहेबांनी मला सांगितलं नाही, बाईंनी सांगितलं. ॲडमिन साहेबच.

बाई वाचणाऱ्या. त्या म्हणाल्या, "1954 साली चित्रकार अकबर पदमसींची दोन नग्नचित्रं जहांगीर आर्ट गॅलरीतून उतरवा म्हणून पोलीस आले होते. त्यांनी उतरवली नाहीत. खटला झाला, कोर्टानं सोडलं त्यांना. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सुटेन का?"

साहेब म्हणाले, "रविवारी मेगाब्लॉक असतो, तरी जाते ही."

असे वाद मी माझ्या खोलीत फार रंगू देत नाही. नग्नता आणि अश्लीलता यांतला फरक पटवून एखादा संसार सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी साहेबांच्या हातात कागद-पेन दिलं आणि म्हटलं, लोक म्हणजे कोण, त्यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे तो नेमकं काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत लिहा. तुम्हाला काय वाटलं ते नको.

हे काम दिसतं सोपं, पण माणसं अडतात. साहेबही अडले. सेक्रेटरींचं नाव लिहिलं, पुढची जागा कोरी. दोन नंबरच्या मजल्यावरचे मित्र, कोरी. पुण्याची मोठी बहीण, तिला तर यातलं काही माहीतच नव्हतं. बोलल्या होत्या फक्त समोरच्या मावशी. त्यांचं वाक्य साहेबांनी प्रामाणिकपणे लिहिलं: "वहिनी हल्ली रविवारच्या दिसत नाहीत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

साहेब पेनाचं टोपण लावायला लागले. उत्तर बाईंनी दिलं. "भजनाला जाते म्हणून सांगितलं. मला लिफ्टमध्ये कळलं. मावशी म्हणाल्या, आषाढी एकादशीला आमच्याकडे दोन अभंग म्हणा. मला सूर लागत नाही हो मॅडम! आणि कधी शिकायला जाता विचारलं तर मी काय सांगू? यांनी नको म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण मी काय चोरी करते का, की यांनी मला परस्पर भजनाला बसवावं?"

इथे खरं दुखणं बाहेर आलं. नवऱ्याला चित्रं आवडत नाहीत हे बाई सहन करत होत्या. तिच्या जागी दुसरीच एक सोज्वळ बाई उभी करून तो ती शेजाऱ्यांना दाखवतोय, हे त्यांना सहन होत नव्हतं. 'लोक काय म्हणतील'च्या पुष्कळ भांडणांत हेच असतं. विरोधापेक्षा लपवणं जास्त लागतं.

पुढचा तास मी एकट्या साहेबांशी बोलले. पुरुष बायकोसमोर आपली भीती सांगत नाहीत, मत सांगतात. बराच वेळ ते पार्किंगच्या राजकारणावर बोलले. मग एकदम म्हणाले, "त्याला पोट आहे हो."

"कुणाला?"

"त्या मॉडेलला. माझ्याच वयाचा, टक्कल, पोट. आणि ही वीस मिनिटं त्याच्याकडे टक लावून बघते. मला घरात चष्मा सापडत नसला तरी मान वर करत नाही."

ही केस ऐकून माझ्या मैत्रिणी लगेच म्हणतात, मग नवऱ्यालाच मॉडेल म्हणून बसवायचं की! नाटकात शोभेल. साहेबांना मणक्याचा त्रास आहे, वीस मिनिटं ते बँकेच्या खुर्चीतही हलल्याशिवाय बसले नसतील. आणि दुर्लक्षित वाटणं हा काही चित्र काढून घेऊन बरा होणारा आजार नव्हे. बाईंना मी एवढंच सांगितलं, की हे वाक्य ते तुम्हाला स्वतः सांगतील, तेव्हा हसू नका. त्या हसल्याच, असं नंतर कळलं. पण साहेबही हसले म्हणे.

जाता जाता एक. आमच्या या धंद्याचे मुंबईतले आद्यपुरुष मी र. धों. कर्व्यांना मानते. 1927 पासून ते 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढत होते. त्यात लोक निनावी पत्रांतून जे विचारायचे, त्याची ते सरळ उत्तरं छापायचे. 1934 मध्ये त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी कर्वे हरले. दंड भरला आणि पुन्हा मासिक काढत राहिले. प्रश्न विचारणारे गुपचूप आणि उत्तर छापणारा कोर्टात, ही आपली जुनी वाटणी आहे. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमचे वडील वाचायचे ते मासिक. गादीखाली ठेवायचे."

उपाय एकच सुचवला. भजन ज्यांनी सुरू केलं, त्यांनीच ते बंद करायचं. लांबलचक खुलासा नको, बाजू मांडणं नको; मावशींना एका वाक्यात सांगायचं, 'ही चित्रकलेच्या वर्गाला जाते, माणसांची चित्रं काढते.' वाक्य आम्ही खोलीत चार-पाच वेळा म्हणून घेतलं. बँकेत संपकऱ्यांना तोंड दिलेल्या माणसाला घाम फुटला होता. शेजाऱ्यांपुढे खोटं बोलायला आपल्याला सराव लागत नाही, खरं बोलायला लागतो.

एकादशीच्या आदल्या दिवशी साहेब समोर गेले, वाक्य म्हणाले. मावशी साबुदाणा भिजवत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "माहितेय की. बाल्कनीत वाळत असतात ना ती ढेरपोटी माणसं. तुम्ही भजन म्हणालात, म्हणून मीही भजन म्हटलं. अभंग म्हणायला सांगितले तेव्हा तरी खरं बोलाल, वाटलं होतं." मग म्हणाल्या, "हात मात्र चुकतात वहिनींचे. बोटं फार जाड काढते."

सगळं गोड झालं, असं नाही. सेक्रेटरींनी फिक्सेटिव्हच्या वासाचं निमित्त करून सोसायटीच्या बोर्डावर सूचना लावली, बाई आता कागद गच्चीवर नेतात. वर्गाचं प्रदर्शन झालं, साहेब गेले नाहीत. पुरुषांचा ग्रुप चालू आहे. माझ्याकडची पुढची वेळ त्यांनी रद्द केली. रविवारची कोलंबी कोणी साफ करायची यावर सध्या जुंपलेली असते, असं बाई फोनवर म्हणाल्या; त्याला मॅडमची गरज नाही, असं मागून साहेबांचं ओरडणं ऐकू आलं.