एकदा बोलून टाकलं की विषय संपेल?

पत्र : माझे पती मराठी मालिकांमध्ये काम करतात. आमचा घटस्फोटाचा अर्ज कुटुंब न्यायालयात आहे. सोसायटीच्या गेटवर सतत कॅमेरे असतात. परवा आठवीतली आमची मुलगी स्कूलबसमधून उतरताना तिला गाठून ‘पप्पा आता घरी येतात का?’ असं विचारलं. तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. पती म्हणतात, एकदा दोघं मिळून मुलाखत देऊ, विषय संपेल. मला ते नको वाटतं. माझं चुकतंय का?

उत्तर : अजिबात चुकत नाही. मुलीचं वाचून संताप आला. तुमच्या पतींच्या कामावर कोणी काय हवं ते लिहावं, पण पाठीवर दप्तर घेऊन घरी येणाऱ्या पोरीने कोणाला उत्तर का द्यावं?

मुलाखतीने विषय संपत नाही, उलट तिथून पेटतो. तासभर बोललात तरी बाहेर येतो तो वीस सेकंदांचा तुकडा, ज्यात तुमचा आवाज दाटून आलाय. मग दुसऱ्या वाहिनीला ‘दुसरी बाजू’ हवी असते, सासरी-माहेरी फोन सुरू होतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात लग्न, कुटुंब, मुलं यांबाबत खासगीपणाचा हक्क मान्य केला, पण जो आपणहून वादात उतरतो त्याची गोष्ट वेगळी ठरू शकते, असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे आजची मुलाखत उद्या तुमच्याच तक्रारीच्या आड येऊ शकते. हे पतींना वकिलांसमोर बसून ऐकू द्या.

त्यांना बोलायचंच असेल, तर मुलीबद्दल बोलावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेजारच्या गच्चीवरून आपल्या घरातले फोटो काढले गेले, तेव्हा आलिया भट्ट यांनी त्या घुसखोरीवर जाहीरपणे बोट ठेवलं. तुम्हीही दोघांच्या सहीने चार ओळी द्या : आमच्या मुलीचं चित्रीकरण करू नका, दाखवलेलं काढून टाका. लग्नाबद्दल त्यात एक शब्दही नको.

तुमचा अर्ज हिंदू विवाह कायद्याखाली असेल, तर कलम २२ वकिलांना दाखवा. अशी सुनावणी बंद दाराआड होते आणि तिच्याबद्दलचा मजकूर छापणं बेकायदा आहे. दंड जेमतेम १,००० रुपयांपर्यंत, म्हणून कोणी फारसं भीत नाही, हे खरं. तरी वकिलांच्या नोटिशीत ते कलम असू द्या. वर्तमानपत्राने छापलं असेल तर आधी संपादकांना लेखी कळवून मग प्रेस कौन्सिलकडे जाता येतं. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढते. व्हिडिओची लिंक, स्क्रीनशॉट, तारीख आजच जपून ठेवा आणि तो जिथे टाकलाय तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे मुलीचं वय स्पष्ट लिहून तक्रार करा.

रस्त्यावर उभ्या माणसाला हटवणं अवघड असतं. पण बस गेटच्या आत घेता येईल का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, आणि वॉचमनने कोणाशीही बोलू नये, हे कमिटीकडूनच त्याला सांगायला लावा.

आणि आज रात्री मुलीजवळ बसा. वर्गात कोणी तो व्हिडिओ दाखवून चिडवलं का, विचारा. तुम्ही शाळेत आलेलं तिला नको असेल, तर बाईंना फक्त फोन करा, पण तिला सांगून.