भांग उशिरा का चढते, आणि त्या वेळी मेंदूत नेमके काय चाललेले असते?

आपण लिहिले आहे की होळीला नातेवाइकांकडे थंडाईतून भांगेचा एक पेला घेतला, तासभर काहीच जाणवले नाही म्हणून दुसरा घेतला, आणि मग रात्रभर छाती धडधडत राहिली, वेळ पुढे सरकेनाशी झाली व आपण आता वाचत नाही असे वाटत राहिले. गांजा ओढणाऱ्या मित्रांना असे कधी होत नाही, शिवाय भांग म्हणजे झाडाचा पाला, मग हे कशाने झाले आणि याचा कायमचा परिणाम राहील का, असा आपला प्रश्न आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले असून होळीच्या रात्री अपघात विभागात आलेली अशी माणसे पाहिली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आपला घात दुसऱ्या पेल्याने केला.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची रूपे आहेत: भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा आणि चरस म्हणजे त्याची राळ. तिन्हींतली नशा मुख्यतः टीएचसी या एकाच द्रव्याची. धूर ओढला की टीएचसी फुप्फुसांतून रक्तात आणि तेथून काही मिनिटांतच मेंदूत पोहोचते, त्यामुळे ओढणाऱ्याला आपल्याला किती चढली आहे याचा अंदाज लगेच येतो व तो चिलीम खाली ठेवू शकतो. प्यायलेली भांग मात्र जठर, आतडे आणि यकृत अशा लांबच्या वाटेने जाते. यकृतात टीएचसीचा बराच भाग ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या द्रव्यात बदलतो, आणि हे द्रव्य स्वतःच चांगले नशा आणणारे असून मेंदूत सहज शिरते. म्हणून भांगेचा अंमल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही सुरू होतो, दोन ते चार तासांनी शिगेला पोहोचतो आणि सहा-आठ तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. पुरणपोळीच्या भरल्या पोटावर तो आणखी लांबतो. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. भांग दुधात घोटण्याची किंवा तुपात परतण्याची रीत केवळ चवीपुरती नाही ती यामुळे. त्यातही वाटलेला पाला तळाशी बसतो, त्यामुळे पातेल्यातला शेवटचा पेला पहिल्याइतकाच सौम्य असेल याची खात्री खुद्द घोटणाऱ्यालाही देता येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली आहेत, म्हणून पुष्कळांना भांग निरुपद्रवी वाटते. कायद्याने पान वगळले तरी यकृत ते वगळत नाही.

आता मेंदूविषयी. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना ठरवली, परंतु ते मेंदूत कोठे बसते हे कळायला १९८८ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या आवरणावरील त्याची जागा, दाखवून दिली. मग साहजिकच प्रश्न आला की मेंदूने ही जागा काही गांजाची वाट पाहत राखून ठेवली नसणार. १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून शरीराचे स्वतःचे असे एक द्रव्य सापडले आणि डेव्हेन व मेशुलाम यांच्या गटाने त्याला आपल्या संस्कृतमधील ‘आनंद’ शब्दावरून आनंदमाइड हे नाव दिले. वर्गात हे नाव फळ्यावर लिहिले की शेवटच्या बाकावरची मुलेही मान वर करत.

या द्रव्यांचे काम मोठे नाजूक आहे. एरवी संदेश एका मज्जापेशीकडून दुसरीकडे जातो. परंतु दुसरी पेशी फार उद्दीपित झाली की ती असे द्रव्य उलट्या दिशेने सोडते आणि पहिलीला ‘जरा हळू’ अशी खूण करते. ही खूण गरजेपुरती तयार होते, ठरावीक ठिकाणीच पोहोचते आणि लगेच नष्ट केली जाते. मैफलीत गायकाने तंबोऱ्याचा आवाज थोडा कमी करायला हाताने सुचवावे, तसे ते आहे. टीएचसी मात्र आत शिरून सगळ्याच ध्वनिक्षेपकांची बटणे तासन्‌तास फिरवून ठेवते.

हे रिसेप्टर स्मृतीची नोंद करणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, हालचालींचा व वेळेचा अंदाज राखणाऱ्या केंद्रांत, लहान मेंदूत आणि भीतीशी निगडित अमिग्डालामध्ये भरपूर असतात. अपघात विभागातला एक विशीचा मुलगा मला अजून आठवतो. समोरच्या भिंतीवर घड्याळ होते, तरी तो दर दोन मिनिटांनी ‘सिस्टर, किती वाजले?’ असे विचारत होता आणि उत्तर ऐकून रडकुंडीला येत होता. त्याला घड्याळ दिसत होते. पाहिलेली वेळ मनात टिकत नव्हती, आणि मधली दोन मिनिटे त्याला अर्ध्या तासासारखी वाटत होती. भीतीचेही असेच आहे: थोड्या मात्रेत टीएचसी मन सैल करते, तर अधिक मात्रेत तेच धास्ती निर्माण करते. त्यातच नाडी मिनिटाला वीस ते पन्नास ठोक्यांनी वाढते, उभे राहताच रक्तदाब उतरतो, तोंडाला कोरड पडते, आणि घाबरलेले मन या सगळ्याचा अर्थ ‘हृदय बंद पडणार’ असा लावते. श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या मेंदूच्या तळाच्या भागात हे रिसेप्टर फार थोडे आहेत, म्हणून अफू किंवा हेरॉइनप्रमाणे भांगेने प्रौढाचा श्वास सहसा थांबत नाही. मात्र हृदयविकार असलेल्यांना हा ताण धोक्याचा ठरू शकतो, आणि बर्फी समजून भांगेचा तुकडा खाल्लेले लहान मूल बेशुद्धही पडते.

‘नैसर्गिक’ हा शब्द येथे काहीच सिद्ध करत नाही. अफू आणि धोतरा हीसुद्धा झाडेच आहेत. या यंत्रणेशी खेळणे किती जोखमीचे आहे हे उलट्या बाजूने पाहायचे असेल तर रिमोनाबांट या औषधाचे उदाहरण घ्यावे. गांजाने भूक लागते, तर तोच रिसेप्टर अडवून भूक आणि वजन कमी करावे, या हिशेबाने त्याला २००६ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. वजन खरोखरच घटले, परंतु रुग्णांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याने २००८ मध्ये ते बाजारातून काढावे लागले.

कायमच्या परिणामाबद्दल: निरोगी प्रौढाला एका रात्रीच्या भांगेने कायमचे नुकसान होण्याची भीती सहसा नसते. रोज घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मेंदूतील या रिसेप्टरांची संख्या कमी होते, आणि आपल्या मित्रांना ‘काही होत नाही’ त्याचे एक कारण हे असू शकते. पूर्ण बंद केल्यास सुमारे चार आठवड्यांत ती बरीचशी पूर्ववत होते; दरम्यान चिडचिड, झोप उडणे, भूक मंदावणे असा त्रास होतो. ‘गांजाची सवय लागत नाही’ हे त्यामुळे खरे नाही.

वेडाचा प्रश्न जुना आहे. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या, तेव्हा ‘कारण: गांजा’ अशा नोंदींपैकी पुष्कळशा पुरेशा चौकशीविना केल्याचे आढळले. ती सावधगिरी योग्यच होती. परंतु १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनच्या सैन्यभरतीतील सुमारे ४५,००० तरुणांच्या पाहणीत, पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये भरतीनंतरच्या पंधरा वर्षांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट दिसले. सगळा दोष गांजाचाच असे यावरून म्हणता येत नाही; मात्र किशोरवयात सुरुवात, रोजचे सेवन, टीएचसीचे जास्त प्रमाण आणि घरात असा आजार, यांतील जितक्या गोष्टी एकत्र येतात तितका मला धोका अधिक वाटतो.

पुन्हा कोणावर अशी वेळ आली तर त्याला शांत खोलीत बसवावे, कोणीतरी सोबत राहावे आणि ‘हे काही तासांत उतरेल’ असे सांगत राहावे. गुंगीत असेल तर कुशीवर निजवावे. लिंबू, लोणचे किंवा ताक बळेच तोंडात घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. बाहुल्या मोठ्या झाल्या असतील, अंग कोरडे व तापलेले असेल आणि माणूस हवेतल्या वस्तू पकडू पाहत असेल, तर भांगेत धोतरा मिसळल्याचा संशय घेऊन त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. छातीत दुखणे, झटके, शुद्ध हरपणे किंवा लहान मुलाने भांग खाल्ली असणे, यांसाठीही वाट पाहू नये, आणि तेथे डॉक्टरांपासून भांग लपवू नये. आपल्याला दोन-तीन दिवसांनंतरही धडधड, धास्ती किंवा सभोवतालचे जग खोटे असल्याचा भास होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे आणि दोन्ही पेल्यांची हकिगत वेळांसह सांगावी.