आधी उजवा हात

बँजो वाजवायची क्लॉहॅमर शैली शिकायला घेतलीस, फार बरं वाटलं. पहिले दोन महिने डाव्या हाताची काळजी सोड. उजव्या हाताची बोटं सैल वाकव, तर्जनीच्या नखाने तार वरून खाली मार आणि त्याच झटक्यात अंगठा आखूड पाचव्या तारेवर टेकू दे. हात उचलताना ती तार आपसूक वाजते. मी सुरुवातीला तार बोटाने वर ओढायचो; ती सवय मोडता मोडता वर्ष गेलं.

हाताची ही चाल पश्चिम आफ्रिकेतली. सेनेगल-गांबियातले जोला लोक अकॉन्टिंग हे बँजोसारखं तंतुवाद्य असंच वाजवतात. गुलाम करून नेलेल्या माणसांसोबत ती अमेरिकेत पोचली, हे कुणाला वाजवून दाखवताना जरूर सांग.

ऐकायला नॉर्थ कॅरोलिनातल्या राउंड पीकचे फिडल आणि बँजो वादक टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) घे. त्यांच्या घरी जाऊन कित्येक तरुण शिकले. स्वरलिपीआधी चाल गुणगुणता आली पाहिजे.

बैठकीत फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, मागे राहा. बहुतेक चालींचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि मग तेच कितीतरी वेळा. एकट्याने चमकायची जागा तिथे नसते. पट्टी मध्येच बदलायला लावू नकोस, सगळ्या बँजोवाल्यांना तारा पुन्हा लावाव्या लागतात.

ध्वनिमुद्रण पाठवशील तेव्हा तारा कशा लावल्यास आणि चाल कुणाकडून घेतलीस, दोन्ही लिही. चुका राहिल्या तरी पाठव.