आधी पडायला शिकवा

मूळच्या नाशिकरोडच्या आणि आता कॅनडात राहणाऱ्या एका ताई विचारतात: मुलगी चार वर्षांची, मुलगा सहाचा. वर्गातली मुलं बर्फावर स्केटिंगला जातात, म्हणून दोघांनी हट्ट धरलाय. आम्ही नवरा-बायको कधी बर्फावर उभेही राहिलेलो नाही. त्यात सासूबाई नाशिकहून रोज फोनवर बजावतात, 'हातपाय मोडून घेतील पोरं!' काय करावं?

ताई, न्या. या हिवाळ्यातच न्या. सासूबाईंची भीती मला कळते. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, एवढीच आपल्याकडची थंडी. पायाखाली बर्फ आणि बुटाला पातं, हे चित्र फोनवर बघूनच पोटात गोळा येतो. मी दोन हिवाळे लेकीकडे टोरांटोला होते, तेव्हा नातीला पहिल्यांदा रिंकवर नेलं, म्हणून अनुभवाचं सांगते.

आमची पहिली चूक मोज्यांची. पोरीला गार लागेल म्हणून मी लोकरीचे दोन जोड चढवले आणि मग पाय मावेना म्हणून एक माप मोठे स्केट्स भाड्याने घेतले. बर्फावर उतरताच तिचे दोन्ही घोटे आतल्या बाजूला कलंडले. दहा मिनिटांत ती रडायला लागली आणि आम्हाला वाटलं, हिला जमणार नाही. जमत नव्हतं ते बुटामुळे! पातळ मोज्यांचा एकच जोड घाला. स्केट पायात घट्ट बसला पाहिजे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर टाच मागे चिकटून राहावी, उचलली जाऊ नये. नाडी बोटांपाशी सैलसर आणि घोट्याशी करकचून बांधा. पोटरीकडे पुन्हा थोडी ढील द्या, नाहीतर गुडघा वाकत नाही. सुरुवातीला भाड्याचेच घ्या, मुलांचे पाय भराभर वाढतात. नवे घेतलेच तर धार लावून घ्यायला विसरू नका. बऱ्याचदा नव्या पात्यांना धार नसते.

आता खरा अभ्यास, आणि तो घरी करायचा. रिंकवर जायच्या चार दिवस आधी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर मुलांना पडायला शिकवा. तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवून खाली बसायचं आणि कुल्ल्यावर, एका बाजूला कलायचं. हात मागे टेकवायचे नाहीत, मनगट तिथेच दुखावतं. पडलं की बोटांच्या मुठी करायच्या, म्हणजे कुणाचं पातं बोटांवरून जाणार नाही. मग उठणं: आधी रांगायचं, एक पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून उभं राहायचं. खेळ म्हणून वीसेक वेळा करून घ्या. नात तर मुद्दाम धपकन पडायची आणि 'आजी, आता तू!' म्हणायची. मीही पडले, गालिच्यावरच.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र काही ऐकू नका. आईस हॉकीचंच हवं, सायकलचं नको. बर्फावर माणूस बहुतेक मागे पडतं आणि हॉकीचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकतं. शिवाय ते पुन्हा पुन्हा बसणारे धक्के सोसायला बनवलेलं असतं. ओले न होणारे हातमोजे घाला आणि एक कोरडा जोड पिशवीत ठेवा.

रिंकवर मुलांना धरून ढकलायला मिळणारे आधाराचे सांगाडे असतात. आपल्याकडे पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचे ना, तसंच ते. पहिली पंधरा मिनिटं द्या, मग काढून घ्या, नाहीतर मूल त्याच्यावर रेलून वाकून चालायला शिकतं. काखेत हात घालून उचलून धरू नका, त्यानेही मुलाला स्वतःचा तोल सापडत नाही. समोर उभं राहून फक्त तळवे पुढे करा. टाचा जवळ, चवडे बाहेर, अशी बदकाची छोटी पावलं टाकायला लावा. घसरणं आपोआप येतं. सगळे ज्या दिशेने गोल फिरतात त्याच दिशेने जा. अर्ध्या तासात बाहेर या, मूल 'अजून!' म्हणत असतानाच.

तुम्ही दोघंही स्केट्स घाला. आई-बाबा पडून उठताना दिसले की पोरांची भीड चेपते.

गोठलेल्या तळ्यावर स्वतःच्या अंदाजाने कधीही उतरू नका. ओटावाच्या रिडो कालव्यावर 7.8 किलोमीटरचा स्केटिंगमार्ग असतो, पण बर्फ पुरेसा जाड झाला नाही म्हणून 2022-23 च्या हिवाळ्यात तो उघडलाच नाही. तिथली माणसं बर्फ मोजून ठरवतात, तुम्हीही पाटी बघूनच पाऊल टाका.

आणि सासूबाईंना रिंकवरून व्हिडिओ कॉल करू नका. आम्ही केला होता. टोरांटोत सकाळचे दहा, नाशिकला रात्रीचे साडेआठ, आणि फोनमधून विहीणबाई ओरडल्या, 'पडेल गं ती!' नात तिथेच थबकली, पुढे पाऊल टाकेना. घरी जा, पाती कोरडी पुसा, मुलांच्या हातात हळदीचं गरम दूध द्या आणि मग फोन लावा. 'आजी, मी सात वेळा पडले आणि सात वेळा उठले,' हे त्यांना मुलांच्याच तोंडून ऐकू द्या.