थंडीत बंद ठेवलेल्या मोटरहोममध्ये आतून पाणी सुटतं, ते कसं थांबवायचं?

तुम्ही लिहिलंय की थंडीचे चार महिने तुमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, उघड्यावर उभी असते. खिडक्या, हवा खेळायच्या झडपा सगळं गच्च बंद करून आत ओलावा शोषणारे दोन डबे ठेवले, तरी पुढच्या काचेवर आतून पाणी साचतं आणि गादीखाली काळे ठिपके आलेत. माझ्या मते चूक त्या ‘गच्च बंद’मध्येच आहे. डबे दोनाचे चार केले तरी हे थांबणार नाही.

हवेत किती बाष्प मावतं ते तापमानावर ठरतं. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम मावतं, १० अंशांना ९ ग्रॅमच्या आसपास आणि ० अंशाला ५ ग्रॅमही नाही. दुपारच्या उन्हाने गाडी तापली की गाद्या, गालिचा, प्लायवूड यांतला ओलावा हवेत येतो. रात्री तीच हवा गार काचेला, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला, गादीखालच्या फळीला लागते आणि तिथे पाणी सुटतं. ते पाणी निथळून पुन्हा गादीत आणि लाकडात मुरतं. बंद गाडीत हे रोज चालतं. म्हणून आधी आतलं पाणी बाहेर काढायचं आणि मग उरलेल्या बाष्पाला बाहेर जायला वाट ठेवायची.

गाडी उभी करण्याआधी कोरड्या हवेचा एक दिवस निवडा आणि दारं-खिडक्या चार-पाच तास सताड उघडी ठेवा. अंथरूण-पांघरूण, टॉवेल, कपडे, पुस्तकं, पायपुसणी सगळं घरात न्या. पाण्याची टाकी, हीटरची टाकी आणि सांडपाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा. नळ गरम आणि थंडच्या मधोमध उघडे ठेवा, शॉवरचा पाइप खाली सोडून द्या. यामुळे पाइपांत पाणी गोठून ते फुटण्याचा धोकाही टळतो. फ्रिज कोरड्या फडक्याने पुसून त्याचं दार किलकिलं राहील अशा खटक्यावर लावा. आतल्या बर्फाच्या कप्प्याचं दारही उघडं ठेवा, ते हमखास विसरतं आणि वसंतात कुबट वास तिथूनच येतो.

गाद्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. फोमची गादी थंड फळीवर आडवी पडलेली असली की खालून हवा फिरत नाही, आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. शक्य असेल तर सगळ्या गाद्या घरी न्या. नसेल तर त्या बाजूवर उभ्या करा, गाडीच्या मधोमध, भिंतीपासून निदान हातभर लांब आणि एकमेकींना न चिकटवता. पाठीमागच्या उशाही काढा, कारण त्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या असतात. पलंगाखालच्या पेट्यांची झाकणं, कपाटांची दारं, खण सगळं उघडं ठेवा. ओल तपासायची असेल तर गादीच्या मधल्या भागाला हात लावून उपयोग नाही. भिंतीकडच्या कडेखाली बोटं सरकवून पाहा.

आता झडपांचं. छतावरच्या आणि जमिनीतल्या कायमच्या झडपा कधीच बंद करू नका. गॅसच्या कप्प्यातली आणि जमिनीतली भोकं तर सुरक्षेसाठी आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो त्याच भोकांतून बाहेर पडतो. उंदरांच्या भीतीने तिथे चिंध्या कोंबल्या असतील तर आजच काढा आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली तारेची जाळी बसवा. जुन्या जाळीवरची धूळ-कोळिष्टकंही ब्रशने साफ करा, बुजलेली झडप असून नसल्यासारखीच.

पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावला असेल तर तो काढा. तो केबिनची ऊब काचेपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे काच आणखी गार पडते आणि पडद्यामागे पाण्याच्या धारा लागतात. तोच पडदा बाहेरून लावला तर काच तितकी गार पडत नाही. पूर्ण गाडी झाकायची असेल तर हवा खेळती ठेवणारं कापडी आवरण घ्या. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, बाष्प तिच्याखालीच अडकतं. गाडी गवतावर न लावता पक्क्या जागेवर लावा.

ओलावा शोषणाऱ्या डब्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. ते वाईट नाही, पण त्याची ताकद बंद कपाटापुरतीच. झडपा उघड्या असलेल्या अख्ख्या गाडीत ते बाहेरची हवा वाळवत बसतं. शिवाय डब्यात साठलेलं खारट पाणी सांडलं तर धातू गंजतो, म्हणून डबा सिंकमध्ये किंवा खोल ताटलीत ठेवा. लहान कपाटासाठी सिलिका जेल बरं, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येतं.

विजेची सोय असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, खरा उपयोगी, पण प्रकार नीट निवडा. कॉम्प्रेसरचा १५ अंशांखाली कमी पाणी काढतो आणि त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. थंड गाडीत झिओलाइट या ओलावा शोषणाऱ्या खनिजाच्या चाकाचा, म्हणजे डेसिकंट प्रकारचा लागतो. तो वीज जास्त खातो, पण गोठणबिंदूजवळही काम करतो. आर्द्रता ५५ टक्क्यांवर लावा आणि तो चालू असताना खिडक्या व छताची उघडी झाकणं मिटा. सुरक्षेच्या झडपा तेव्हाही उघड्याच.

ऊब देण्यासाठी गॅसची शेगडी किंवा धुरांड्याशिवायचा गॅस हीटर अजिबात लावू नका. १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

आत आर्द्रता मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर टांगा. तो बरोबर आहे का हे पाहायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा आणि दोन्ही घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास हवा. गाडीत तो दिवसचे दिवस ७०च्या वर राहिला तर बुरशीची वेळ आली समजा.

महिन्यातून एकदा गाडी उघडताना दिवस पाहून उघडा. बाहेर ० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तरी तीच हवा आत १० अंशांपर्यंत तापली की ४५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ती ओलावा ओढून नेते. उलट कडाक्याच्या थंडीनंतर एकदम उबदार, पावसाळी दिवस आला तर दारं उघडू नका. गार भिंतींना लगेच घाम फुटतो.

हे सगळं करूनही एकच कोपरा ओला राहत असेल तर गळतीचा संशय घ्या. भिंतीचा तो भाग पुसून त्यावर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. दोन-तीन दिवसांनी पाणी प्लॅस्टिकच्या तुमच्याकडच्या बाजूला दिसलं तर ते हवेतलं. भिंतीकडच्या बाजूला दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे, आणि मग छताचे व खिडक्यांचे सांधे तपासून घ्यावे लागतील.

तुमच्या गादीवरचे ठिपके मास्क लावून, उघड्यावर कोरड्या ब्रशने झाडा, खोळ धुवा आणि आतला फोम कापडाखालून नीट पाहा. डाग फोममध्ये उतरले असतील तर तो फोम बदला. खालच्या फळीत पेचकसाचं टोक सहज रुतत असेल तर फळीही बदला.